किंमत आधी ठरवा, करार नंतर करा

महोदय,

खासगी उद्योगांनी संशोधनात उतरावे म्हणून केंद्र सरकारने २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. दीर्घ मुदतीची, कमी व्याजाची किंवा बिनव्याजी कर्जे त्यातून मिळणार आहेत. हेतूबद्दल दुमत नाही. मात्र उद्योग, संशोधक आणि सरकार यांच्या सहकार्याची आपल्याकडील चर्चा बहुधा सामंजस्य करारावरील सह्या आणि छायाचित्रे यांपाशीच संपते, म्हणून पुण्याशी संबंधित एका उदाहरणाकडे लक्ष वेधू इच्छितो.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ मध्ये मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाचा दाह) साथीने सुमारे २५ हजार बळी घेतले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलर अनुदानातून लसीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून अधिक पडणार असतील तर ती लस आपल्या देशांना परवडणार नाही, असे आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांनी आरंभीच बजावले. या किमतीला बड्या कंपन्या राजी होईनात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने मात्र अट स्वीकारली. लसीसाठी लागणारी, जिवाणूच्या आवरणातील शर्करा तयार करण्याची पद्धत एका डच कंपनीने दिली. ती शर्करा धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाशी जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञांनी शोधलेले होते. आणि ते निष्प्रभ विष सीरम धनुर्वाताच्या लसीसाठी पूर्वीपासूनच बनवत होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि जेथे लस पोहोचली तेथून या जिवाणूच्या ‘ए’ गटामुळे होणारा आजार जवळजवळ नाहीसा झाला. सीरमने हा काही दानधर्म केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. हाती आलेल्या अनुभवाच्या बळावर तिने पुढे जिवाणूच्या पाच गटांवरील लसही ‘पाथ’च्याच साथीने तयार केली.

याउलट ‘कोव्हॅक्सिन’ या कोरोनावरील लसीसाठी विषाणू वेगळा केला तो पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे सरकारी पैशाने, पण एप्रिल २०२१ मध्ये ती बनवणाऱ्या भारत बायोटेक कंपनीने राज्यांसाठी ६०० आणि खासगी रुग्णालयांसाठी १२०० रुपये दर जाहीर केला, तेव्हा कोठे किमतीची चर्चा पेटली. राज्यांचा दर नंतर ४०० वर आला. आणीबाणीचा काळ होता हे मान्य. तरीही लस तयार झाल्यावर दरासाठी घासाघीस करण्याची वेळ सरकारवर यावी, हे खटकते.

तेव्हा सार्वजनिक पैसा किंवा सरकारी प्रयोगशाळेचे ज्ञान ज्या करारात गुंतले असेल, त्यात किमतीची कमाल मर्यादा आधीच ठरवावी आणि कंपनीने ठरावीक मुदतीत उत्पादन न केल्यास परवाना दुसऱ्याला देण्याची तरतूद असावी. संपूर्ण करार उघड करता येत नसेल, तर निदान ही दोन कलमे तरी संबंधित खात्याने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावीत.

आपला,
एक वाचक, पुणे