मुलांच्या कामाचे फोल्डर मुलांच्याच हाती राहू द्या

महोदय,

समग्र प्रगतिपत्रकाच्या, म्हणजे नुसते गुण न देता मुलाची सर्वांगीण प्रगती नोंदवणाऱ्या पत्रकाच्या चर्चेत हल्ली हायस्कूलच्या मुलांच्या डिजिटल पोर्टफोलिओचा, म्हणजे फोनवर किंवा संगणकावर साठवलेल्या त्यांच्या निवडक कामाचा विषय निघतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. कल्पना मला पटते, धास्ती आहे ती अपलोडची. झाड लावले की फोटो, हात धुतले की फोटो, दिन साजरा झाला की फोटो. आम्हा मास्तरांचा निम्मा दिवस नेटवर्क शोधत पाण्याच्या टाकीखाली जातो. पोर्टफोलिओही त्याच रांगेत बसला, तर पोरांच्या पदरात काहीच पडायचे नाही.

आज काय चालते ते पाहा. दहावीला बहुतेक विषयांत लेखी 80 आणि उरलेले 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठाचे. त्यासाठीच्या वह्या फेब्रुवारीत एकीवरून दुसरी अशा उतरतात, लाल शाईची सही होते आणि निकाल लागला की रद्दीत जातात. सप्टेंबरात काय चुकले होते ते ना मुलाला आठवते, ना मला.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एक जुना फोन ठेवला. प्रत्येक मुलाचे एक फोल्डर. सत्रात तीनच गोष्टी ठेवायच्या, कोणत्या ते मुलानेच ठरवायचे आणि प्रत्येकीसोबत अर्ध्या मिनिटाचे बोलणे: हे का ठेवले, पुन्हा केले तर काय बदलशील. एका मुलीने घरच्या पऱ्हाटीतल्या (कपाशीतल्या) कामगंध सापळ्याचा, म्हणजे मादीसारख्या वासाने पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्याचा फोटो ठेवला. रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायची. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस आले की फवारणीचा विचार करायचा, हे तिला बापाकडून ठाऊक होते. पोळ्याच्या सुमारास तिने सांगितले, "सापळा लावला की अळी कमी होते." दिवाळीनंतर तेच रेकॉर्डिंग तिला ऐकवले. हसली, मग थांबली, आणि नवे रेकॉर्ड केले: "सर, सापळ्यात तं नरच येते. माद्या वावरातच हायेत, मंग अळ्या कमी कशा होतीन?" वहीत ही मुलगी दोन ओळींच्या पुढे जात नाही. सापळा मुख्यतः किडीचा अंदाज घेण्यासाठी असतो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले, आणि ते मी शिकवले नव्हते.

आपले जुने बोलणे पुन्हा ऐकायचे आणि त्यातली चूक आपणच धरायची, यासाठी एवढा खटाटोप. (कामातून शिकण्याची गोष्ट विदर्भाला नवी नाही. हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा गांधीजींचा नयी तालीमचा विचार 1937 साली वर्ध्याच्याच परिषदेत पुढे आला, आणि कापूस तेव्हाही अभ्यासात होता.) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मुलाने स्वतःचे मूल्यमापन करावे असे म्हटलेच आहे. प्रगतिपत्रकातल्या त्या रकान्यात मास्तरांनीच टिकमार्क करून ठेवू नये, एवढीच माझी विनंती.

अडचणी आहेतच. घरचा फोन बापासोबत वावरात असतो, संध्याकाळी येतो तो बॅटरी संपून. म्हणून फोन शाळेचा हवा आणि इंटरनेटशिवाय चालणारी सोय हवी. बोलणे वऱ्हाडीत चालू द्यावे. प्रमाण भाषेचा आग्रह धरला की अर्धा वर्ग गप्प बसतो. मुलांचे चेहरे आणि आवाज पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही पोर्टलवर चढवू नयेत. आणि साठ मुलांची फोल्डरे दर आठवड्याला तपासून अहवाल द्या, असे फर्मान तर मुळीच काढू नये. मी महिन्याला दहा-बारा ऐकतो, बाकीची मुले एकमेकांची ऐकतात. त्यांचे शेरे माझ्यापेक्षा कडक असतात.

तो जुना फोन माझा स्वतःचा. जानेवारीतच त्यातली जागा भरली, तेव्हा मुलांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली. मी नको म्हटले. वरून पोर्टल यायचे तेव्हा येवो, आधी शाळेला एक मेमरी कार्ड मिळाले तरी पुढचे सत्र निघेल.

— एक माध्यमिक शिक्षक, जि. यवतमाळ