नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या घरात शिरली. कमरेला दोर बांधून गल्लीत उतरलेली ती मुलं कोण, अजून ठाऊक नाही. त्यातल्या एकाने आईला पाठीवर घेतलं, तिच्या गोळ्यांची पिशवी दातांत धरली आणि छातीभर पाण्यातून समोरच्या गच्चीवर पोचवलं. भाऊ, तुझे उपकार कधी फिटायचे नाहीत.

पाणी ओसरल्यावर सफाई कामगार ताई-दादा आले. गाद्यांत, कपाटांत, देवघरातसुद्धा काळा, वास मारणारा गाळ साचला होता. गल्लीभर त्याचे ढीग होते. ते त्यांनी घमेल्यांनी उपसले.

आणखी एक आभार राहिलेत. नाग, पिवळी, पोहरा या नद्यांत भर उन्हाळ्यात गाळ काढायला पोकलेन चालवणाऱ्यांचे. शिवाय टिप्परवाल्यांचे, कारण काढलेला गाळ काठावरच पडून राहिला तर पहिल्याच पावसात पुन्हा पात्रात जातो. हे काम वेळेत आणि पूर्ण होणं किती मोलाचं, ते पूर पाहिलेल्यांना कळतं. आपण नाग नदीला नाला म्हणून मोकळे होतो, पण हेच पाणी पुढे कन्हानला, तिथून वैनगंगेला जातं आणि गोसीखुर्दच्या जलाशयात पोचतं. तिकडच्या लोकांच्या वतीनेही तुम्हाला हात जोडते.

यंदा पुलाजवळ काम सुरू झालं की थंड पाणी आणि ताक आमच्या घरून घ्या. फाटक उघडंच असेल.