जस्त पानातून येत नाही

माननीय संपादक, स. न.

विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या एका महाविद्यालयात भरलेल्या प्रदर्शनाची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘कडुनिंबाच्या पानांपासून जंतुनाशक नॅनोकण’ हा मथळा पाहून मुद्दाम जाऊन आलो. मुलांनी मेहनत घेतली होती, समजावूनही उत्साहाने सांगत होती. मथळा मात्र चुकला आहे. हे अतिसूक्ष्म कण झिंक ऑक्साइडचे आहेत आणि त्यातलं जस्त (म्हणजेच झिंक) झिंक नायट्रेटच्या बाटलीतून आलेलं आहे. पाल्याच्या काढ्यातली द्रव्यं जस्ताच्या आयनांना (विद्युतभार असलेल्या अणूंना) धरून ठेवतात, कणांना फार मोठं होऊ देत नाहीत. त्यांचं काम एवढंच.

पोस्टरवर ‘काढ्यामुळे क्षपण होते’ असं लिहिलं होतं. हे वर्णन चांदीचं. चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळून त्याचा धातू होतो तेव्हा क्षपण होतं. आपल्याच पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 साली कडुनिंबाच्या काढ्याने चांदी-सोन्याचे कण केले होते, ते याच मार्गाने. झिंक ऑक्साइडमध्ये जस्त होतं तसंच, धन दोन भाराचं, राहतं. (एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्याची खोड, नजर तिथेच जाते.) पुढे ही भुकटी भट्टीत चारशे-पाचशे अंशांवर तापवतात. एवढ्या उष्णतेत कडुनिंबाचे औषधी गुण कसले उरणार, पाल्यातलं बहुतेक सगळं जळून जातं. उरलेलं नायट्रेट तापलं की तांबूस, विषारी वायूही निघतो. तरी या पद्धतीचं नाव ‘हरित’!

जंतू वाढवलेल्या बशीत कणांभोवती स्वच्छ, म्हणजे जंतू न वाढलेलं, वर्तुळ दिसत होतं, त्याचा फोटो आपण छापलात. पण जस्ताचे आयनही जंतू मारतात. कण नीट धुतले नसतील तर ती करामत नायट्रेटची असू शकते. मी विचारलं, “नुसतं नायट्रेट घालून पाहिलंत का? नुसता काढा?” एक विद्यार्थिनी म्हणाली, “केलंय सर, पोस्टरवर जागा नव्हती.” तिने मोबाइलवर फोटो दाखवला. काढ्याभोवती काही नाही, नायट्रेटभोवती बऱ्यापैकी वर्तुळ, कणांभोवती त्याहून थोडं मोठं. कण धुतलेलं पाणी कुठे जातं, यावर मात्र सगळ्यांनी बेसिनकडे बोट दाखवलं. विरघळलेलं जस्त माशांना बाधतं आणि आपल्या मुठा नदीत आधीच काय कमी आहे?

आपल्या वार्ताहरांनी पुन्हा एकदा तिथे जावं आणि त्या मुलीच्या मोबाइलमधला फोटो छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, कोथरूड, पुणे