उशाशी ठेवलेला फोन

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी ऑफिसचा फोन वाजला म्हणून तू ताटावरून तिसऱ्यांदा उठलीस आणि मी बोलून गेले, "आयटीची विभागप्रमुख झालीस ना, मग बंद पडलेले सर्व्हर अजून तूच का उठवतेस?" बढतीची बातमी सांगायला आली होतीस तू. काही न बोलता चपला घातल्यास. दादा जिन्यापर्यंत आला, मी जागची हललेही नाही. तेव्हापासून मनात तेच चाललं आहे. पत्रात फोनचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले आहे. कामाचंच लिहिते, ते आपल्या दोघींना सोपं जातं.

पहिल्या महिन्यात एक कागद तयार कर. डाव्या बाजूला एकाखाली एक सगळ्या प्रणाली: पगार, ईमेल, ऑर्डर घेणारी, गोदामाची, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कवर यायची वाट), डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणारी), बॅकअप, दारावरची कार्डं वाचणारी यंत्रणासुद्धा. वर आडवी तुझ्या चौदा जणांची नावं आणि शेवटी तुझं. प्रत्येक चौकटीत आकडा टाकायचा. ३ म्हणजे रात्री एकट्याने दुरुस्त करू शकतो, २ म्हणजे लिहिलेलं समोर असेल तर करू शकतो, १ म्हणजे नुसतं ऐकून आहे. आकडे त्यांचे त्यांना भरू दे, मग शेजारी बसणाऱ्याला विचारून पडताळून घे. ज्या ओळीत एकच ३ आहे ती लाल कर. तो माणूस आजारी पडला किंवा सोडून गेला की ती प्रणाली पोरकी. आणि तुझ्या नावाखाली असे एकटे ३ किती आहेत ते मोज. इतकी वर्षं तूच ते उभं केलंस, म्हणजे बरेच निघतील. विभागप्रमुखाच्या नावाखाली तसा एकही उरता कामा नये. एकखांबी तंबूतला खांब रात्री आडवा होऊ शकत नाही, मुक्ता. बघ, आलेच मी फोनवर.

लाल ओळ मिटवायची कशी, ते सांगते. जाणकाराला "लिहून ठेव" म्हणू नकोस. त्याला जे आपसूक येतं ते तो लिहीतच नाही, आणि नेमकं तेच अडतं. ज्याच्या चौकटीत १ आहे त्याला कीबोर्डसमोर बसव, जाणकाराने मागे हाताची घडी घालून उभं राहायचं. काम शिकणाऱ्याने करायचं आणि टिपणही त्यानेच लिहायचं: कुठल्या खात्याने लॉगिन केलं, कुठली कमांड दिली, पडद्यावर काय यायला हवं, ते आलं नाही तर पुढे काय. पंधरा दिवसांनी तेच काम त्याने फक्त टिपण बघून एकट्याने करायचं. अडला की टिपण दुरुस्त करायचं. एका प्रणालीला दोन दुपारी पुरतात. दर आठवड्याला एक धरलीस तरी तीन महिन्यांत बारा ओळी मोकळ्या होतील.

मग रात्रीच्या ड्यूटीचं. एकाच ठिकाणची टीम असेल तर रोटामध्ये, म्हणजे पाळीच्या यादीत, आठ माणसं तरी हवीत. दर आठवड्याला एक पहिला आणि एक दुसरा, म्हणजे प्रत्येकाला आठांतले दोन आठवडे बांधलेले. चार-पाच जणांवर रोटा ओढलास तर वर्षभरात त्यातला सर्वांत चांगला माणूस जातो आणि उरलेल्यांवर भार आणखी वाढतो. एक घटना निस्तरणं, तिचं मूळ शोधणं आणि नोंद लिहिणं यांत मिळून सहा तास जातात असा हिशोब धरतात, म्हणून बारा तासांच्या पाळीत दोनच्या वर खऱ्या घटना येत असतील तर माणूस नुसती आग विझवतो, मूळ कारणाला हात लावत नाही. अलर्ट, म्हणजे बिघाडाचा इशारा, पहिल्याने पाच मिनिटांत घेतला नाही तर दुसऱ्याकडे, त्यानेही पंधरा मिनिटांत घेतला नाही तर तुझ्याकडे. तिसऱ्या पायरीवर तू. पहिल्या नाही, दुसऱ्याही नाही.

अलर्टही चाळायला हवेत. मागच्या तीस रात्रींचे सगळे अलर्ट काढ आणि प्रत्येकापुढे लिही की उठलेल्या माणसाने नेमकं काय केलं. "बघितलं, आपोआप ठीक झालं" असं जिथे येईल तो अलर्ट रात्री वाजायला नको, सकाळी बघायचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, व्हावा. डिस्क ८० टक्के भरली म्हणून कोणाला उठवायचं नसतं. सध्याच्या वेगाने चार तासांत भरेल असं दिसलं तर उठवायचं. एवढं केलंस तरी निम्म्या रात्री शांत जातील असं मला वाटतं. आणि रात्री तीनला जो उठला त्याने सकाळी नऊला हजर राहायचं नाही, हे लेखी दे. तोंडी सांगितलं की लोक येतात. तू तर नक्कीच येतेस.

आजीच्या शेवटच्या आजारपणात तू दहावीला होतीस. रात्री दोनचं औषध मीच देणार, मला वेळा पाठ आहेत, म्हणून गजर उशाशी घेऊन झोपायचीस. कोणाला चमचासुद्धा लावू दिला नाहीस. अकराव्या दिवशी परीक्षेच्या वर्गात तुला डुलकी लागली तेव्हा कुठे दादाने वेळा कागदावर उतरवून कपाटाच्या दारावर चिकटवल्या. तो कागद मी अजून ठेवला आहे. त्यावर तुझ्या अक्षरात दुरुस्ती आहे, "कोमट पाण्यातून, गार नाही." तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता आणि किती भीती वाटली होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

असो. बॅकअपचं लिहायचं होतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत जे घडलं ते टीमला एकदा सविस्तर वाचून दाखव, त्यांनी स्वतःच जाहीर केलेला अहवाल आहे. दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत उतरत नव्हती, म्हणून एका अभियंत्याने तिथली डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची कमांड दिली. चालली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, काढणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते दर वेळी चूक देऊन थांबत होतं. चूक कळवणारी ईमेल निघत होती, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेल खऱ्या पत्त्यावरून आली का बघणाऱ्या, तपासणीत नाकारली जात होती. बॅकअपची जागा उघडली तर रिकामी. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, कामाला आला, आणि मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेला. त्या अहवालात त्या माणसाचं नाव नाही, "टीम मेंबर १" एवढंच आहे. आणि असंही आहे की रात्र झाली होती, तो काम आवरून उठायच्या बेतात होता, तेवढ्यात ती अडचण पुन्हा वर आली. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेल.

म्हणून बॅकअप "यशस्वी" असा हिरवा टिक बघून समाधान मानू नकोस. दर तिमाहीला चिठ्ठी टाकून एक प्रणाली निवड आणि ती रिकाम्या सर्व्हरवर पूर्ण उभी करायला लाव. ज्याने बॅकअप लावला त्याने नाही, दुसऱ्याने. घड्याळ लाव. उभी राहिली की तीन गोष्टी बघ: टेबलांतल्या ओळींची संख्या, शेवटच्या व्यवहाराची वेळ, आणि साध्या वापरकर्त्याला लॉगिन होतं का. अडतं ते बहुधा डेटात नसतं. लायसन्स की सापडत नाही, सर्टिफिकेटची (सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याची) खाजगी की बॅकअपमध्ये घेतलेलीच नसते, किंवा पासवर्ड ज्या तिजोरीत आहे ती तिजोरीच बंद पडलेल्या सर्व्हरवर असते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरच्या जागी, हे तर आहेच. त्यात आता एक प्रत अशी हवी जी डोमेनच्या ॲडमिनलासुद्धा, म्हणजे सगळ्या नेटवर्कचे अधिकार असलेल्यालासुद्धा, पुसता येणार नाही, वेगळ्या खात्याने, वेगळ्या पासवर्डने. जून २०१७ च्या नॉटपेट्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवरची खाती आणि अधिकार सांभाळणारे सर्व्हर, गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. त्या एका यंत्रावरून पुन्हा सुरुवात करून सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. आपली प्रत कुठल्या तरी वीज जाण्यावर अवलंबून ठेवायची नाही.

आणि टिपणं कागदावरही असू देत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं, तेव्हा आतली साधनं त्याच नेटवर्कवर असल्यामुळे दुरुस्त करणाऱ्यांचीच वाट अडली होती. फोन नंबर, नेटवर्कचा नकाशा, आणीबाणीच्या खात्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, तेही दोन जागी.

वरिष्ठांच्या बैठकीत कोणी "चार नऊ द्या", म्हणजे प्रणाली ९९.९९ टक्के वेळ चालू ठेवा, असं म्हणालं तर लगेच हो म्हणू नकोस. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे जेमतेम ५३ मिनिटं. आता रात्रीचा हिशोब कर. बिघाड लक्षात यायला पाच मिनिटं, माणूस उठून लॅपटॉप उघडून व्हीपीएनवर यायला दहा, काय झालं ते कळायला वीस, दुरुस्तीला दहा. एका घटनेत पंचेचाळीस मिनिटं संपली. दुसरी घटना झाली की वर्षाचं वचन मोडलं. माणसाला उठवून चार नऊ पाळता येत नाहीत, त्यासाठी आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर जाणारी व्यवस्था लागते आणि तिचा खर्च बैठकीत बसलेल्यांनीच मंजूर करावा लागतो. शिवाय ॲप, डेटाबेस आणि नेटवर्क हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून आणि प्रत्येकी ९९.९ असतील तर एकत्र ९९.७ होतात, वर्षाला सव्वीस तास. हे आकडे फळ्यावर लिही. सीपीयू, मेमरी बोलू नकोस, "ऑर्डर किती वेळ थांबतील" ते बोल. बजेटचंही तसंच. जे आहे ते चालू ठेवण्याचा खर्च आणि नव्या कामाचा खर्च वेगळे दाखव, नाहीतर कात्री नेहमी पहिल्यावर चालते.

बदलांचं थोडक्यात. प्रत्येक बदलाच्या अर्जात मागे कसं यायचं हे तर हवंच, किती वाजता मागे यायचं ठरवायचं तेही हवं. तो आकडा नसला की लोक "आणखी दहा मिनिटं" करत पहाट करतात. आणि किती सर्व्हरवर बदल पोहोचला ते मोजल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठव्यावर जुनाच राहिला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर तोटा झाला.

सर्टिफिकेटची यादी एक्सेलमध्ये ठेवत असशील तर ती पद्धत आत्ताच मोड. पूर्वी मुदत ३९८ दिवस मिळायची. १५ मार्च २०२६ पासूनच्या सर्टिफिकेटांना २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. हाताने कोणी किती बदलणार? नूतनीकरण आपोआप झालं नाही तर ती मुदतही रात्रीच संपेल, आणि फोन तुझाच वाजेल.

चौदाही जण थेट तुझ्याकडे येऊ देऊ नकोस. सात जणांत दोघादोघांच्या जोड्या २१ होतात, चौदांत ९१, म्हणजे गैरसमजाच्या ९१ जागा. दोन लीड, म्हणजे गटप्रमुख, नेम. त्यांच्याशी दर आठवड्याला अर्धा तास, बाकीच्यांशी महिन्यातून एकदा, आणि ती वेळ कितीही घाई असली तरी रद्द करायची नाही. नेमलेल्यांना चुकू दे. ते तुझ्यापेक्षा वीस मिनिटं जास्त घेतील आणि ती वीस मिनिटं तुला सोसवणार नाहीत, मला माहीत आहे. तेव्हा लॅपटॉप उघडू नकोस. नुसती कॉलवर रहा, वरिष्ठांना दर अर्ध्या तासाने निरोप दे, आणि तुझ्या माणसांच्या मागे कोणाला उभं राहू देऊ नकोस. त्या वेळचं तुझं काम तेवढंच.

फार झालं का? वर्ग घेतल्यासारखं वाटलं असेल तर माफ कर. तुला यातलं बरंच माहीत असणार, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. आत्यालाही काल फोनवर तेच सांगितलं, "आमची मुक्ता आता अख्खा विभाग सांभाळते." तुझ्यासमोर मात्र ते शनिवारी तोंडातून निघालं नाही.

फोन उशाशी ठेवायचा तर ठेव. निदान रोटामध्ये तुझं नाव कितव्या पायरीवर आहे ते मला कळव.

आणि एक राहिलं. त्या रात्री तू तीनदा उठलीस आणि काय पडलं होतं हे मी एकदाही विचारलं नाही. डिस्क होती, की सर्टिफिकेट, की दुसरंच काही? सवडीने सगळं लिही, मला समजेल.

तुझी,
आई