वादकाला रजा नसते

महोदय,

आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी रेकॉर्डिंगला उभा होतो. आगाऊ घेतलेले पैसे तिच्या औषधांतच संपले होते. हेडफोनमध्ये तालाची टिकटिक सुरू झाली आणि हनुवटीखालचे व्हायोलिन ओले झाले. तीन टेक वाया गेले. रेकॉर्डिस्टने काही न बोलता स्टुडिओतला दिवा मालवला, दहा मिनिटे मला एकटे सोडले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आमच्या कामात पगारी रजा नसते. कार्यक्रम रद्द झाला की पैसेही गेले. रेकॉर्डिंगचे मानधन एकदाच, तेही महिनोन्महिने अडकते. कलाकारांच्या हक्कांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय रोम करारात ध्वनिमुद्रण प्रसारित झाल्यास कलाकार, निर्माते किंवा दोघांना रास्त मोबदला देण्याची तरतूद आहे. पण आमच्यासारखे साथीदार बहुतेक वेळा कोरडेच राहतात.

आईसाठी सुरू केलेली रचना अंतऱ्यापाशी थांबली आहे. हप्ते फेडायला रोज शिकवण्या घेतो, रात्री बोटे उचलत नाहीत. आयोजकांनी आणि निर्मात्यांनी निदान निम्मे मानधन तारीख ठरतानाच द्यावे, आणि घरात मृत्यू झाला तर ते परत मागू नये, एवढी कळकळीची विनंती.

– एक व्हायोलिनवादक