मांजर सारखं चाटतंय? ‘टेन्शन’ म्हणायच्या आधी पिसवा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की तुमच्या पेपरात कुत्र्यांच्या गोचिडांबद्दल काही ना काही येतं, मांजरांबद्दल मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे लिहितेय.

आमची चिंगी चार वर्षांची, कोथरूडच्या फ्लॅटमध्येच वाढलेली, कधी जिन्याखालीसुद्धा गेली नाही. गेल्या जुलैत तिच्या पोटावरचे आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस जायला लागले, आतली गुलाबी कातडी दिसायला लागली. आम्ही आधी मनावर घेतलं नाही, कारण मांजर चाटतंच की. त्या खरखरीत जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, आणि 2018 साली अमेरिकेत जिभेचा सीटी स्कॅन केला तेव्हा दिसलं की त्या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात, त्यातून लाळ थेट केसांच्या मुळाशी जाते. मळ निघतो, गळलेले केस निघतात, आणि लाळ वाळताना अंग थंड होतं, कारण मांजराला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना. हे सगळं ठीकच आहे, पण टक्कल पडेपर्यंत चाटणं ठीक नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

सोसायटीत सगळे म्हणाले, नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झालाय ना, टेन्शन आलंय तिला. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा नेलं त्यांनीही तिला नीट न तपासता तेच सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी फिरवला, त्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले, आणि एका मिनिटात कापसावर लालसर डाग पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त! पिसू मात्र एकही सापडली नाही कारण मांजर त्या चाटून गिळूनच टाकतं, आणि ॲलर्जी असेल तर थोडेसे चावेही पुरतात.

2006 सालचा एक अभ्यास आहे, ज्यांना ‘मानसिक’ म्हणून शिक्का मारला होता अशा 21 मांजरांची नीट तपासणी केली तर 16 जणांना शारीरिक आजार निघाला, निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांना. बहुतेकांना ॲलर्जी होती. लघवीच्या पिशवीला सूज असली तरी मांजर खालचं पोट चाटत बसतं, सांधे दुखत असतील तर तिथली जागा चाटतं. (बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसून लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.) टेन्शनने चाटणारी मांजरं असतात, नाही असं नाही, पण ते बाकी सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं.

आणि एक फार कळकळीने सांगते. एका दुकानात मला कुत्र्याच्या मानेवर सोडायचे थेंब दिले होते, “मांजराला अर्धे घाला” म्हणून. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं म्हणून वाचलो. कापूर, फिनेल, काहीही लावलं की चाटून ते पोटातच जाणार, हे लक्षात ठेवा.

औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलं, पण घरही साफ करावं लागलं, कारण पिसवांची अंडी अंगावरून गळून गादीत, सोफ्याच्या फटीत पडतात आणि कोषातली पिसू महिनोन्महिने टिकते. चादरी गरम पाण्यात, सोफ्याखाली व्हॅक्यूम, घरातल्या दुसऱ्या बोक्यालाही औषध, असं तीन महिने. दसऱ्याच्या सुमारास पोटावर आधी बारीक लव आली, मग केस.

यंदाच्या पावसाळी पुरवणीत निदान तो ओल्या कापसाचा प्रयोग छापा ही विनंती, घरी कुणालाही करता येतो.

— एक वाचक, कोथरूड, पुणे