'तुम्ही बसा हो' म्हणणारी मंडळी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात चर्चची बातमी आली की ती बहुतेक नाताळची नाहीतर गुड फ्रायडेची असते, रोषणाई, गर्दी आणि वर एक मोठा फोटो. तक्रार नाहीये. पण वर्षातल्या बाकीच्या रविवारी आत काय चालतं त्यावर पण कोणीतरी लिहायला हवं म्हणून हे पत्र, आणि खरं सांगू का, हे बाहेरच्या वाचकांपेक्षा आमच्याच लोकांसाठी जास्त आहे, ते पण तुमचा पेपर वाचतात.

उपासना संपली की काय होतं ते जरा बाजूला उभं राहून बघा. आशीर्वाद झाला, लोक एकमेकांना भेटतायत, आणि तेवढ्यात तीच दोन-तीन माणसं खुर्च्या गोळा करायला लागलेली असतात. साऊंडवाला वायरी गुंडाळत असतो, तो कधी बायको-मुलांसोबत एका रांगेत बसलेला कोणी बघितलाय का. गीतांची पुस्तकं गोळा करून, दुमडलेली पानं सरळ करून कपाटात लावणाऱ्या बाई पण त्याच, आणि त्या कपाटाची चावी फक्त त्यांच्याच पर्समध्ये. कुलूप लावेपर्यंत बाकी सगळे घरी पोचलेले असतात.

आता याच वेळी एखादा नवीन माणूस पुढे येतो आणि विचारतो, मी काही मदत करू का? उत्तर ठरलेलं. "नाही नाही, तुम्ही बसा हो." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, उलट मान द्यायचा म्हणूनच तो म्हणतो. पण वर्ष उलटतं आणि तो माणूस अजून बसलेलाच असतो. नाव रजिस्टरमध्ये आहे, ग्रुपवर रोज सकाळी वचन येतं, पण घर आपलं वाटायला घरातलं एखादं काम तरी आपल्याकडे लागतं ना. ते काम दुसऱ्याच्या हातात, म्हणून हा पाहुणा तो पाहुणाच. मग एक दिवस यायचं बंद होतो आणि आपण म्हणतो, विश्वास कमी पडला.

मला वाटतं विश्वास कमी पडत नाही, काम कमी पडतं. म्हणजे काम ढिगाने आहे पण ते वाटलं जात नाही.

यात नवीन काही नाही, पहिल्या मंडळीत, म्हणजे येशूनंतरच्या अगदी सुरुवातीच्या चर्चमध्ये पण हेच झालं होतं. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक घ्या, सहावा अध्याय काढा. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी काय केलं, तर ती कुरकुर दाबली नाही, आम्हीच जास्त राबतो असंही म्हटलं नाही, सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प वगैरे. गंमत म्हणजे सातही नावं ग्रीक आहेत, त्यातला एक तर अंत्युखिया शहरातला, जन्माने यहूदी पण नव्हे. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाचं काम बहुतेक त्यांच्याच लोकांच्या हातात दिलं असं दिसतं! आज आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आधी समजावतात, मग टाळतात, कमिटीवर घेणं तर सोडाच.

आणि ही सेवा हलकी होती असं पण नाही. आपण प्रवचन म्हणजे मोठी सेवा आणि झाडू म्हणजे छोटी असं डोक्यात धरून बसलोय. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, रुमाल कंबरेला बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्यांच्यातल्या पेत्राला किती अवघड झालं ते सगळ्यांना पाठ आहे. पण आपण फक्त पेत्राच्या अवघडण्यावर बोलतो, 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत' हे जे पुढे सांगितलंय ते वर्षातून एका उपासनेपुरतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय, जो लोक नुसती नावं आहेत म्हणून पटकन उलटून जातात. रोमच्या मंडळीला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तोपर्यंत रोमला गेलेला पण नाही, तरी वीसच्या वर माणसांना नावाने सलाम सांगतो आणि कोणी काय केलं तेही सांगतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी, तिने खुद्द पौलाला मदत केलीय. मरिया, पर्सिस, यांनी पुष्कळ कष्ट केले. आणि मधेच एक ओळ येते, पौल तोंडी सांगत होता आणि जो लिहून घेत होता तो तर्तियस स्वतःचा सलाम टाकतो. लिहून घेणाऱ्याचं नाव पत्रात! आपल्या वार्षिक अहवालात पाहुण्या वक्त्यांची नावं असतात, टायपिंग कोणी केलं ते कोणाला माहीत नसतं.

आता दुसरी बाजू, ती जास्त नाजूक आहे. जो काम करतो तोच आपला, असं एकदा ठरलं की काम थांबलेल्या माणसाचं काय? आजारपण, म्हातारपण, घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी असणं, नोकरीच्या शिफ्टा. क्वायरमध्ये गायचे तेव्हा रोज फोन, आवाज गेला तेव्हा फोन पण गेला. हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि याचा मला राग येतो. दुसऱ्या शतकात रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने त्यांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात प्रभुभोजनानंतर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीनंतर, जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घेऊन जायचे. पुढे इ.स. २५१ च्या सुमारास रोमच्या बिशप कर्नेलियसने आपल्या मंडळीची मोजदाद पत्रात दिली, ४६ वडील म्हणजे मंडळीचे पुढारी, ७ डीकन म्हणजे सेवेची कामं बघणारे, मग वाचक, दारावरचे लोक वगैरे, आणि त्याच वाक्यात १५०० च्या वर विधवा आणि अडचणीतली माणसं. वेगळी लाभार्थी यादी केली नाही, सगळी एकाच मोजणीत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कुठलीही जबाबदारी एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं ठेवू नका, चावीची दुसरी प्रत काढा, आणि प्रत्येक कामाला एक जुना आणि एक नवीन अशी जोडी लावा. स्टेजवरून "कोणाला सेवा करायची असेल तर नावं द्या" अशी अनाउन्समेंट करून कोणी येत नाही, नाव घेऊन विचारावं लागतं. माईक दोन रविवार शिट्टी मारेल, खुर्च्यांची रांग वाकडी लागेल, लागू दे. आणि जे सगळं एकट्याने ओढतायत त्यांना पण सांगा की अधूनमधून नुसतं येऊन बसा, 'तुम्ही बसा हो' हे खरं त्यांना म्हणायला हवं.

कोणाला हे पटत नसेल तर याच सदरात उत्तर वाचायला आवडेल. फक्त "नवीन लोक टिकत नाहीत म्हणून त्यांना काम देत नाही" एवढं एकच उत्तर देऊ नका, ते का टिकत नाहीत त्यावरच तर हे पत्र आहे.

आपली,
मंडळीची एक सभासद आणि आपली नियमित वाचक